फुकटाची अट

मशिदीच्या हौदावर ठेवलेला बदना कोणाचा? सगळ्यांचा. कोणीही उचलावा, वजू करावा. पण तो कोणी घरी नेला तर? ‘सगळ्यांचाच तर आहे’ हे म्हणणे तिथे चालत नाही. माळेगाव बुद्रुकच्या मक्तबात जाणाऱ्या लहान पोरालाही हे कळते. आम्हा शिकल्यासवरलेल्यांना मात्र ते एकदा शिकावे लागले.

झाले असे. मक्तबातल्या मुलांसाठी मराठी-उर्दू शब्दांचा एक छोटा संगणकीय कोश करायचे आम्ही चार-पाच जणांनी ठरवले. हाताशी पैसा नव्हता, म्हणून मोफत मिळणारे सामान गोळा केले. देवनागरीसाठी ‘लोहित’ फाँट, उर्दूसाठी ‘नोटो नस्तालीक’, आणि शब्द शोधून देणारा, जीपीएल परवान्याखाली मिळालेला एक प्रोग्राम. त्यात हवे ते बदल केले. सगळे एकत्र बांधताना सोबत आलेल्या परवान्यांच्या फायली काढून टाकल्या. इंग्रजी मजकूर, मुलांना काय उपयोग? पहिल्या पानावर नावे घातली ती फक्त आमची.

इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या एका पोराने विचारले, ‘चाचा, ज्यांनी हे बनवलं त्यांची नावं कुठं गेली?’ आम्ही म्हणालो, ‘अरे, सवाबाचं काम आहे. आपण कुठं विकतोय?’ तो गप्प बसला. प्रश्न मात्र गप्प बसला नाही.

मोफत म्हणजे बेवारस नव्हे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली. जीपीएल हा परवाना १९८९ साली आला. वापरा, आतली रचना पाहा, बदला, वाटा, अशी मोकळीक तो देतो. विकायलाही मनाई करत नाही. पण बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला, तर त्याचा सोर्स कोडही त्याला मिळाला पाहिजे, बदल केल्याची नोंद हवी, आणि आपल्याला मिळाली तीच मोकळीक त्यालाही हवी. शेजारी नुसत्या ठेवलेल्या वेगळ्या वस्तूंना ही अट लागत नाही. फाँटचे नियम निराळे. रेड हॅटने २००४ साली दिलेला ‘लोहित’ २०११ पासून ओपन फाँट लायसन्सखाली आहे. तो दुसऱ्या सॉफ्टवेअरसोबत बांधून विकता येतो, एकटा विकता येत नाही. आणि प्रत्येक प्रतीसोबत कर्त्याच्या हक्काची सूचना व परवाना जावा लागतो.

हे वाचताना आम्हाला वक्फ आठवला. हजरत उमर यांनी खैबरची जमीन वक्फ केली, ती अटी घालूनच. ती विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसाहक्काने वाटायची नाही. उत्पन्न गरिबांसाठी, नातलगांसाठी, मुसाफिरांसाठी. देखभाल करणाऱ्याने त्यातून रीतसर खावे, पण मालमत्ता जमवू नये. तुलना तंतोतंत नाही. वक्फ करणारा मालकी सोडतो, सॉफ्टवेअरचा कर्ता आपला हक्क राखून परवानगी देतो. पण दोन्हीकडे अट ही दानातली कंजुषी नाही. पुढच्या माणसाचा वाटा शाबूत राहावा म्हणून घातलेले ते कुंपण आहे.

कोणी म्हणेल, पैसे घेतले नाहीत, मग करार कसला? अमेरिकेतल्या अपील न्यायालयापुढे २००८ साली असाच प्रश्न आला होता. खेळातल्या रेल्वेगाड्या चालवणारे एक मुक्त सॉफ्टवेअर दुसऱ्याने कर्त्यांची नावे गाळून वापरले होते. मोफत दिले म्हणून अट पोकळ ठरत नाही, असे न्यायालयाने म्हटले. पण माळेगावच्या मक्तबावर खटला भरायला कोण येणार? कोणीच नाही. म्हणूनच हा प्रश्न कोर्टाचा उरत नाही, अमानतीचा होतो. सूरह अल्-माइदाची सुरुवातच करार पाळण्याच्या आदेशाने होते. समोरचा माणूस बलवान असेल, जवळ असेल तरच पाळा, अशी सवलत त्यात नाही. नेक हेतू दुसऱ्याचा हक्क माफ करत नाही. तो माफ करण्याचा अधिकार ज्याचा हक्क त्याचाच.

आम्ही फायली परत ठेवल्या, नावे घातली, बदलांची नोंद केली, सोर्स कोड सोबत दिला. इथवर सोपे होते. मग एका सद्गृहस्थांनी शंभर प्रतींचा खर्च देऊ केला. त्यांची अट एकच : हा कोश दुसऱ्या कोणी उतरवून घेऊ नये. आम्हाला ‘हो’ म्हणता येईना. जी मोकळीक आम्हाला मिळाली, ती पुढच्याकडून काढून घेण्याचा आम्हाला अधिकारच नव्हता. ते रागावून गेले. मुलांच्या हाती प्रती थोड्याच पडल्या, आणि याचे आम्हाला वाईट वाटले, आजही वाटते.

त्या मुलांपैकी सोर्स कोड कोण उघडणार, असे कोणी विचारले तर उत्तर आमच्याकडे नाही. कदाचित कोणीच नाही. पण नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला विचारा. आपली पाळी संपली की दार बंद करून पाणी पुढे सोडायचे असते. पुढच्याने आज ऊस लावला आहे की रान पडीक ठेवले आहे, हे पाहून ते सोडायचे नसते. पाणी त्याचे आहे, म्हणून सोडायचे असते.