विश्रांतीचे ऋण

सरकारी नियमांच्या रूक्ष भाषेत कधी कधी एखादा नैतिक प्रश्न दडून बसलेला असतो. केंद्र सरकारच्या नोकरांना १९५६ साली रजेच्या प्रवासाची सवलत मिळाली, ती स्वग्रामी जाण्यासाठी. मुलखापासून दूर पडलेल्या माणसाने ठरावीक काळाने आपल्या माणसांत जाऊन यावे, हा तिचा हेतू. पुढे तिला एक फाटा फुटला : स्वग्रामाच्या ऐवजी अंदमान-निकोबारलाही जाता येईल, आणि तेही विमानाने. २०२४ मध्ये या मुभेला आणखी दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली. अर्जात एका ठिकाणाऐवजी दुसरे लिहिले की काम झाले. परंतु गाव आणि समुद्रकिनारा या खरोखरच एकमेकांच्या बदली घेता येण्याजोग्या गोष्टी आहेत काय?

गावाकडची रजा कशी सरते, हे परमुलखात नोकरी करणाऱ्या वाचकांना सांगायला नको. पुतण्याची मुंज, वाटणीची रखडलेली बोलणी, घराची डागडुजी, आईचा मोतीबिंदू. पंधरा दिवस कसे गेले ते परतीच्या गाडीत बसल्यावर कळते. ही विश्रांती नव्हे, ही ऋणफेड आहे. ती केलीच पाहिजे. पण तिला विश्रांती म्हणणे ही आपली जुनी सोयीस्कर समजूत.

मागच्या हिवाळ्यात आम्ही त्या मुभेचा लाभ घेऊन शहीद द्वीपावर गेलो. २०१८ पर्यंत याचे नाव नील. पुरते पंधरा चौरस किलोमीटरही नसलेले हे बेट. किनाऱ्यांची नावे भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर. सीतापूरला सूर्योदय पाहावा, लक्ष्मणपूरला सूर्यास्त, आणि मधल्या वेळात काहीही करू नये, एवढाच तिथला दिनक्रम. लक्ष्मणपूरजवळ खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. तिच्यापाशी ओहोटीलाच जाता येते. त्यामुळे घड्याळाची सत्ता भरती-ओहोटीकडे जाते. पहिले दोन दिवस मन बेचैन असते. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असे शिकवणाऱ्या घरात आपण वाढलो. 'आराम हराम है' हे पंडित नेहरूंचे घोषवाक्य आपल्या आधीच्या पिढीने शिरोधार्य मानले. रिकामपणाचा आपल्याला धाक आहे.

तो धाक सर्वस्वी योग्य नाही. आपण काम करतो ते निवांतपणा लाभावा म्हणून, असे ॲरिस्टॉटलने सांगून ठेवले आहे. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याने चोविसाव्या कलमात विश्रांती आणि पगारी सुटी यांना हक्काचे स्थान दिले. तेव्हा वाळूवर पडून राहण्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. विचारायचा प्रश्न निराळा आहे : आपली विश्रांती कोणाच्या खांद्यावर उभी आहे?

हा प्रश्न त्या समुद्राकाठी टाळू म्हटल्याने टळत नाही. १८५८ पासून याच पाण्यावरून जन्मठेपीचे कैदी आणले गेले. सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून पुरा झाला. १९११ मध्ये तेथे पोचलेल्या विनायक दामोदर सावरकरांना कोलूला जुंपण्यात आले. ज्या निळाईकडे आपण डोळे निववण्यासाठी पाहतो, ती त्या कैद्यांच्या लेखी तुरुंगाची सर्वांत बाहेरची भिंत होती. शहीद द्वीपावरची शेतकरी वस्ती पूर्व बंगालच्या निर्वासितांनी उभी केली. जंगल तोडून त्यांनी भाजीपाल्याची शेते केली, आणि आज इतर बेटांवरही त्यांची भाजी जाते. कैद्याला रजा नव्हती. निर्वासिताला परतण्याजोगे गाव उरले नव्हते. आपल्याजवळ दोन्ही आहेत, आणि म्हणूनच आपण एकाच्या बदली दुसरे मागू शकतो. निवडीची ही मुभा केवढी मोठी संपत्ती आहे, हे मला तिथे उमगले.

म्हणून तिथे आनंद करू नये, असे मात्र मला वाटत नाही. जिथे माणसे जुलमाने आणली गेली, तिथे आज कोणी आपखुशीने मुलाबाळांसह यावे, यात त्यांचा अवमान नाही. अवमान आहे तो विसरण्यात. आणि त्याहूनही, आपल्या अगदी जवळची माणसे विसरण्यात.

तिसऱ्या दिवशी आमची सौभाग्यवती सहज म्हणाली, "आज सकाळपासून स्वयंपाकाचा विचारच मनात आला नाही." गावच्या रजेत तिचा दिवस चुलीपाशी उगवतो आणि तिथेच मावळतो, हे मला ठाऊक होते, पण ते तिच्या तोंडून तक्रारीच्या सुरात नव्हे, नवलाच्या सुरात ऐकले. मग थोरले बंधू आणि वहिनी आठवली. आईचे औषधपाणी, कोर्टाची तारीख, पाहुणारावळा हे सारे बारा महिने त्यांच्याकडे. आम्ही गावी गेलो तर त्यांना थोडा हात लागतो. यंदा तोही लागला नव्हता. त्यांच्या सेवापुस्तकात रजेचे पानच नाही.

तेव्हा गाव आणि किनारा ही अदलाबदल कागदावर पुरी होते, व्यवहारात नाही. विश्रांती हा हक्क असेल, तर तो आपल्यापुरता घेऊन संपत नाही. घेणाऱ्याच्या माथी तो ऋण ठेवून जातो, आणि ते दुसऱ्याला विश्रांती देऊनच फिटते. येत्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहील आणि बंधू-वहिनी पंधरा दिवस मनाला येईल तिकडे जातील, असे पत्राने ठरले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावर हाताखालच्या माणसांचे रजेचे अर्ज येतात. 'कामाची निकड' हा शेरा लिहिण्यापूर्वी लेखणी क्षणभर थांबली, तर तेही त्याच ऋणाच्या खाती जमा होईल.