झाकलेली विद्या

वैज्ञानिक कादंबऱ्यांच्या आणि बोलपटांच्या सृष्टीत एक कथावस्तू वारंवार भेटते. कोणी एक सम्राट लोकांच्या नजरेआड महाभयंकर अस्त्र घडवीत असतो. ते सिद्ध झाले म्हणजे सबंध ग्रह क्षणात भस्म व्हावयाचा असतो. १९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ ह्या बोलपटातील ‘डेथ स्टार’ हे ह्या जातीचे सर्वांत प्रसिद्ध अस्त्र होय. पुढे २०१६ साली निघालेल्या ‘रोग वन’मध्ये असे दाखविले आहे की, बळजबरीने ह्या कामास जुंपलेल्या गेलन अर्सो नामक शास्त्रज्ञाने त्या अस्त्रात बुद्ध्याच एक वैगुण्य ठेवून दिले होते. प्रेक्षक त्याला धन्यवाद देतात, व ते योग्यच आहे. परंतु त्याच कामावर ज्या हजारो हातांनी खिळे ठोकले आणि तारा जोडल्या त्यांचा दोष किती, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. तो आम्हांस येथे करावयाचा आहे. कारण हा प्रश्न केवळ कल्पनासृष्टीतला नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने अणुबाँब तयार केला, तेव्हा ओक रिज येथे युरेनियम वेगळे करण्याच्या यंत्रांपुढे तरुण मुली पाळीपाळीने बसत. काटा ठरलेल्या खुणेवर राखावयाचा, एवढेच त्यांस शिकविलेले असे. आपण काय करीत होतो ह्याचा उलगडा त्यांस ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमा जळाल्यावर झाला. ह्याच उद्योगात लॉस अलॅमॉस येथे जोसेफ रॉटब्लाट हे पदार्थविज्ञानवेत्ते होते. जर्मनी असा बाँब तयार करू शकलेला नाही हे १९४४ च्या अखेरीस त्यांस कळले आणि त्यांनी ते काम सोडले. रॉटब्लाट हे त्या मुलींहून अधिक सज्जन होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना कामाचा हेतू ठाऊक होता, म्हणूनच तो हेतू उरला नाही हेही त्यांना ओळखता आले. त्या मुलींना सोडून जाण्याची सोयच नव्हती; कारण काय सोडावयाचे हेच त्यांस ठाऊक नव्हते.

ह्यावर कोणी म्हणेल की, गुप्ततेवाचून राष्ट्राचे रक्षण होत नाही; आणि विद्या अपात्राच्या हाती पडू नये, हे तर आपल्या पूर्वजांसही मान्य होते. हा आक्षेप खरा आहे. महाभारताच्या सौप्तिकपर्वात द्रोणाचार्य ब्रह्मशिर अस्त्र आपल्या पुत्रासही नाखुशीनेच देतात. परंतु ते देताना, प्राणसंकटातही, विशेषतः मनुष्यांवर, ह्याचा प्रयोग करू नकोस, असे ते स्पष्ट बजावतात. अश्वत्थाम्याने ती आज्ञा मोडली, आणि सोडलेले अस्त्र त्याला परत घेता आले नाही. ज्ञान असले म्हणजे मनुष्य सदाचारी होतोच असे नव्हे, हे ह्यावरून सिद्ध होते; परंतु ज्ञान होते म्हणूनच त्याला दोषी धरता येते, हेही तितकेच सिद्ध होते. ज्याला काहीच सांगितले नाही त्याचे कृत्य पुण्य ठरत नाही आणि पापही ठरत नाही. आमच्या मते येथे एक भेद केला पाहिजे. अस्त्र कसे करावयाचे हे झाकून ठेवण्यास सबळ कारणे असू शकतील. ते कशासाठी करावयाचे हे ते घडविणाऱ्यापासून झाकणे म्हणजे त्याची विवेकबुद्धी हिरावून घेणे होय.

हा भेद समजण्यास अमेरिकेपर्यंत जाण्याचे कारण नाही. जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद येथे जी प्रचंड रेडिओ-दुर्बीण आहे, तिचे कूळ पाहिले तरी पुरे. १९४२ च्या फेब्रुवारीत ब्रिटिश रडारयंत्रांत एकाएकी मोठा गोंगाट उठला. तो शत्रूचा उपद्रव नसून सूर्याकडून येत आहे, हे जे. एस. हे ह्यांनी ताडले. परंतु युद्धाच्या गुप्ततेमुळे तो शोध १९४६ पर्यंत प्रसिद्ध होऊ शकला नाही. युद्धकाळी रडारवर खपलेल्या पॉसी ह्यांच्या हाताखाली गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात ही विद्या शिकले. तेथून भेट मिळालेल्या बत्तीस लहान बशा १९६५ मध्ये कल्याणजवळ उभ्या राहिल्या, आणि पुढे खोडदची योजनाही त्यांनीच आखली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस बशा, आणि त्यांचा पसारा सुमारे पंचवीस किलोमीटर! दुसरीकडे, होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापिलेल्या ज्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही दुर्बीण, तिच्याच छायेत आपला अणुकार्यक्रम वाढला. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे जो स्फोट झाला, त्याची पूर्ववार्ता फारच थोड्यांस होती. खोडदचा खर्च चालविणारे खातेही अणुऊर्जेचेच. एकाच घराला हे दोन दरवाजे आहेत, एक बंद आणि एक उघडा.

उघडा दरवाजा फुकट मिळत नाही. कोणत्याही देशाच्या शास्त्रज्ञास अर्ज करून ह्या दुर्बिणीवर वेळ मागता येतो, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनी गावोगावची मुले ती पाहावयास लोटतात; परंतु तिला रेडिओ-लहरींची शांतता लागते, म्हणून भोवतालच्या कारखानदारीवर निर्बंध आले. पुणे-नाशिक रेल्वेमार्ग नारायणगावावरून नेण्यास तिच्यामुळेच हरकत निघाली, तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या लोकांनी आपला संताप लपविला नाही. त्यांची बाजू खरी की दुर्बिणीची, हा निवाडा आम्ही येथे करीत नाही. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते इतकेच की, हे भांडण होऊ शकले. दुर्बीण कशासाठी आहे हे शेतकऱ्यास माहीत आहे. म्हणून तिच्यासाठी आपण काय सोडावे आणि काय सोडू नये, हे तो बोलू शकतो. बंद दरवाजाआड जे घडते त्याचे मोलही त्यालाच द्यावे लागते. मात्र तेथे त्याला बोलावयास जागा नसते.

सर्व गुपिते उघडी करा, असा आमचा आग्रह नाही. परंतु जो तरुण पदवीधर उद्या अशा एखाद्या कामावर रुजू होईल, त्याने पगाराआधी एक प्रश्न विचारावा: हे कशासाठी? उत्तर मिळाले, तर पुढील निर्णय त्याचा. ते मिळत नसेल, तर आपल्याकडून केवळ हात मागितले जात आहेत, हे त्याने ओळखावे.