जातिवंत कोणास म्हणावें?



आपल्या मराठी भाषेंत ‘जात’ हा एकच शब्द मनुष्यासहि लागतो आणि कोंबडीसहि लागतो. बाजारांत कोंबडा घेणारा पहिल्यानें विचारतो, “हा कोणत्या जातीचा?” आणि गांवांत एखादें नवें कुटुंब राहावयास आलें म्हणजे त्यासहि, उघड नाहीं तर आडवळणानें, हाच प्रश्न विचारला जातो. शब्द एक असल्यामुळें वस्तूहि एकच असावी असा समज मनांत शिरतो. “कोंबड्यांतसुद्धां जात असते, मग माणसांत कां नसावी?” असें बोलणारे लोक आपणां सर्वांस भेटले असतील. कित्येकदां बोलणारा भला मनुष्य असतो, आणि त्यास उत्तर काय द्यावें हें आपल्या उपदेशकांसहि चटकन् सुचत नाहीं. म्हणून कोंबड्यांची चांगली जात राखणारा मनुष्य वास्तविक काय करितो, तें आधीं नीट पाहूं. मग त्या बोलण्यांत कितपत अर्थ आहे तें ठरवूं.

उदाहरणासाठीं कडकनाथ घेऊं. ही कोंबडी मूळची मध्यप्रदेशांतील झाबुआ व धार या भागांतली. भिल्ल व भिलाला लोकांनीं ती पिढ्यान् पिढ्या पाळिली. ते तिला ‘कालीमासी’ म्हणतात. तिचा तुरा, कातडी, मांस, इतकेंच नव्हे तर हाडेंहि काळसर असतात. रक्त मात्र तांबडेंच असतें, आणि अंडीं काळीं नसून फिक्या तपकिरी रंगाचीं असतात. इ.स. २०१८ मध्यें झाबुआच्या कडकनाथाच्या मांसास भौगोलिक मानांकन मिळालें. आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला कीं मध्यप्रदेशच लागतो. तेव्हां हा पक्षी आपणांस कांहीं परका नव्हे.

हा काळेपणा आला कोठून? शास्त्रज्ञ सांगतात कीं, जगांतील सर्व पाळीव कोंबड्यांचें मुख्य मूळ आग्नेय आशियांतील तांबडा रानकोंबडा हेंच आहे. कडकनाथ, असील, नंदुरबार-धुळ्याकडील बुसरा आणि आपल्या अंगणांतील साधी गांवठी या सर्व एकाच मुळाच्या. पूर्वीं केव्हां तरी बीजांत एक फेर पडला आणि पिलूं काळें निपजलें. चीनमधील रेशमी पिसांच्या कोंबडींतहि हाच फेर आढळतो. लोकांनीं तशीं पिलें निवडून राखिलीं, आणि जात झाली. म्हणजे पक्ष्याची जात ही सृष्टीच्या आरंभापासून निराळी असलेली वस्तु नव्हे. ती माणसानें निवडून घडविलेली आहे, आणि राखणें थांबलें कीं थोड्याच पिढ्यांत ती मोडते.

ही राखण कशी करावयाची? आपल्या खेड्यांत बहुधा तिच्या उलट चालतें. पाहुणा आला, सण आला, कीं खुराड्यांतला सर्वांत भरदार कोंबडा आधीं कापिला जातो. व्यापारी आला तर तोहि तोच उचलतो. मागें उरतो तो किरकोळ, आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. असें वर्षानुवर्षें केल्यावर “गांवठी कोंबडीस वाढच नाहीं” म्हणून आपण तिलाच दोष देतों.

सुलट निवडीस मोठा खर्च लागत नाहीं. पिलांच्या पायांत निरनिराळ्या रंगांचीं कडीं घालावीं. सोळा आठवड्यांचीं झालीं म्हणजे प्रत्येकाचें वजन करून वहींत लिहावें. कोणत्या तलंगेनें किती अंडीं दिलीं, कोणती खुडूक झाल्यावर एकवीस दिवस रवणीवर नीट बसली, कोणाचीं पिलें जगलीं, कोणाचे पाय वांकडे निघाले, हें टिपून ठेवावें. कोंबडा स्वतः अंडीं घालीत नाहीं, तरी अंड्यांचा गुण त्याच्या द्वारेंहि मुलींत उतरतो. म्हणून ज्याची आई व बहिणी चांगलीं अंडीं देणाऱ्या आहेत असाच कोंबडा वंशास ठेवावा. तो विकूं नये, कापूं नये. बाकीचे खुशाल विकावे. मानमोडीची लस सर्वांस द्यावी, नाहीं तर निवडलेलें एका आठवड्यांत जावयाचें. हा धंदा पुरातन आहे. याकोबानें लाबानाचे कळप राखितांना सशक्त जनावरें कशीं निवडिलीं, तें उत्पत्तीच्या तिसाव्या अध्यायांत आपण वाचितोंच.

येथपर्यंत ऐकून तो भला मनुष्य म्हणेल, “पाहा, शुद्ध वंशाचें महत्त्व तुम्हीच सांगतां.” त्यानें पुढचेंहि ऐकावें. शुद्धता राखण्यासाठीं कळपाचें दार अगदीं बंद केलें, तर काय होतें याचा हिशेब शास्त्रानें मांडिला आहे. बाहेरचा पक्षी न आणतां एक कोंबडा व दहा कोंबड्या एवढ्यांवरच वंश चालविला, तर दर पिढीस निकटसंबंधाचें प्रमाण सुमारें शेंकडा १३.७५ नें वाढतें. पांच कोंबडे व पन्नास कोंबड्या ठेविल्या, तर एका नरामागें माद्या दहाच असूनहि ही वाढ शेंकडा २.७५ वर येते. सख्ख्या बहीणभावांच्या जोडीपासून झालेल्या पिलांत तर तें प्रमाण एकदम शेंकडा २५ होतें. निकटसंबंध वाढला म्हणजे अंडीं कमी फुटतात, पिलें अधिक मरतात, आणि पूर्वीं दबून राहिलेले दोष वर येतात. पक्षी दिसण्यांत जातिवंत राहतो, पण आंतून खचत जातो.

म्हणून जाणते लोक एका जातीचे तीन वेगळे गट करितात. पहिल्या गटांतील तरुण नर दुसऱ्या गटांतील माद्यांकडे, दुसऱ्यांतील तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्यांतील पहिल्याकडे पाठवितात. तलंगा आपआपल्या गटांतच राहतात. आपल्या गांवीं तीन घरांनीं मिळून हें सहज करितां येईल. पक्षी तीन ठिकाणीं असल्यास दुसराहि लाभ आहे. इ.स. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें भारतांत प्रथमच ‘बर्ड फ्लू’ आढळला, आणि लक्षावधि कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यांत आपल्या शेजारच्या जळगांव जिल्ह्यांतहि तो रोग निघाला. रोगाच्या टापूंतील घरगुती कोंबड्याहि सुटल्या नाहींत. जी जात एकाच अंगणांत कोंडलेली असते, ती एका सकाळीं नाहींशी होऊं शकते. तीन घरें तीन निराळ्या गांवांतलीं असलीं, तर याहून बरें.

नुसत्या नांवावर भरंवसा ठेवण्याचा परिणामहि आपण पाहिला आहे. कडकनाथाची कीर्ति वाढल्यावर त्याच्या नांवानें एक योजना सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर येथून चालविली गेली. पक्षी घ्या, अंडीं आम्ही मोठ्या भावानें परत घेऊं, असें आश्वासन होतें. इ.स. २०१९ मध्यें ती योजना कोसळली आणि राज्यांतील हजारों शेतकरी नाडले गेले. त्यांच्या हातीं पक्षी उरले, पण त्यांना तो भाव देणारा कोणी उरला नाहीं. शिवाय काळेपणाचें बीज असें प्रबळ आहे कीं, मिश्र पिलांतहि तें पुष्कळदां दिसून येतें. तेव्हां रंग पाहून शुद्ध कोणता व मिश्र कोणता हें सांगणेंहि सोपें नाहीं. नांव आणि रंग यांहून वजनाची वही अधिक खरें बोलते.

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. एका पक्ष्यास ठेवावें व दुसऱ्यास काढावें हा अधिकार मनुष्यास आहे काय? आमच्या मतें आहे, परंतु त्यास मर्यादा आहेत. जो पोशितो, राखितो, रोगांत शुश्रूषा करितो, त्यानें आपल्या निर्वाहासाठीं निवड करावी यांत अन्याय नाहीं. पण करमणुकीसाठीं पीडा देण्याचा अधिकार त्यास नाहीं. असील कोंबडा झुंजीसाठीं पिढ्यान् पिढ्या निवडला गेला. त्याचें बळ व धैर्य वाखाणण्याजोगें आहे, पण प्राण्यांस झुंजविणें इ.स. १९६० च्या प्राणिक्रूरताप्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरलें आहे, आणि तें योग्यच आहे. दुसरी मर्यादा अशी कीं, आपल्या निवडीचा अर्थ फुगवूं नये. काढून टाकिलेलें पिलूं वाईट असतें असें नाहीं. मांसासाठीं पाहणाऱ्यानें नाकारलेली तलंग रवणीस उत्तम निघते. निवड ही आमच्या गरजेविषयीं बोलते. पक्ष्याच्या मोलाविषयीं ती शेवटचा शब्द नव्हे.

हा भेद न कळल्यानें मोठमोठे विद्वानहि घसरले. चार्लस डेव्हनपोर्ट या अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञानें इ.स. १९०६ मध्यें कोंबड्यांतील आनुवंशिकतेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. तुरे, पिसें व रंग पिढ्यान् पिढ्या कसे उतरतात याचा त्याचा अभ्यास उपयोगी होता. परंतु १९१० मध्यें त्यानें मनुष्यांच्या वंशावळी जमविणारें कार्यालय उघडलें, आणि दारिद्र्य, मंदबुद्धि, इतकेंच काय, समुद्रावर जाण्याची आवडहि रक्तांतूनच उतरते असें प्रतिपादिलें. अशा विचारांचें पीक कडू आलें. अमेरिकेंतील इंडियाना संस्थानानें १९०७ मध्येंच ‘अयोग्य’ माणसांस बळानें निर्बीज करण्याचा कायदा केला होता. पुढें इतर अनेक संस्थानांनीं तोच मार्ग धरिला. जर्मनींत १९३३ मध्यें तसाच कायदा झाला आणि लक्षावधि लोक त्यास बळी पडले. खुराड्यांतील नियम माणसांच्या घरांत नेल्याचें हें फळ.

आपल्या देशांत डॉ. आंबेडकरांनीं इ.स. १९३६ मध्यें ‘जातिनिर्मूलन’ विषयावरील आपल्या प्रसिद्ध इंग्रजी निबंधांत, जातिभेदानें वंश सुधारतो या म्हणण्याचा समाचार घेतला आहे. त्या प्रश्नावर आम्हांस तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली ही कीं, कोंबड्यांची निवड करणारा कळपाबाहेर उभा असतो. माणसांची निवड करूं म्हणणारा स्वतः कळपांतलाच एक असतो; त्याच्या हातांत तराजू कोणी दिला?

दुसरी गोष्ट अशी कीं, कोंबड्यांच्या जातींत परीक्षा असते. उत्तम कोंबड्याचा मुलगा रोगट निघाला तर त्यास वंशास ठेवीत नाहींत, आणि साध्या कोंबडीची लेक गुणी निघाली तर तिला राखितात. माणसांच्या जातींत परीक्षा कोठें आहे? तेथें नालायक मुलगाहि बापाचा मान घेऊन बसतो, आणि गुणी लेकरास दाराबाहेर उभें करितात. म्हणजे कोंबड्यांचा दाखला ज्यांनीं दिला, त्यांच्याच दाखल्यानें त्यांचा पक्ष पडतो.

तिसरी गोष्ट शास्त्राची. इ.स. १९७२ मध्यें रिचर्ड लेवॉन्टिन या शास्त्रज्ञानें दाखविलें कीं, मनुष्यांमनुष्यांतील बीजभेदांपैकीं शेंकडा सुमारें ८५ भेद एकाच समाजाच्या आंत सांपडतात. इ.स. २०१७ मध्यें हैदराबादच्या पेशी व रेणुजीवशास्त्र केंद्रांतील शास्त्रज्ञांनीं व त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनीं दक्षिण आशियांतील अडीचशेंहून अधिक समाज तपासले. त्यांपैकीं पुष्कळांत, थोड्या पूर्वजांपासून वाढून शतकानुशतकें आपसांतच विवाह केल्यामुळें, दबून राहणारे आनुवंशिक रोग वर येण्याचा धोका असल्याचें त्यांस आढळलें. बंद खुराड्याचा जो हिशेब वर सांगितला, त्याच्याच जातीचा हा हिशेब आहे.

हें सर्व आपण दुसऱ्यांस सांगावें आणि घरीं विसरावें, असें होऊं नये. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवितांना मुलाचें शिक्षण, स्वभाव, व्यसन, कष्टाळूपणा यांची चौकशी होते, ती योग्यच आहे. परंतु बैठक उठतां उठतां एखादे वडील हळूच विचारतात, “पण हे मूळचे कोण?” आणि जुळलेली सोयरीक तेथें मोडते. त्या एका प्रश्नानें एखाद्या गुणी मुलीचें जन्माचें नुकसान होतें, आणि कारण तिला कोणी सांगतहि नाहीं. असा प्रश्न निघेल तेव्हां उपदेशकानें गप्प बसूं नये. सौम्यपणें, पण सर्वांदेखत त्यानें विचारावें, “बाबा, याचें उत्तर कळून मुलीच्या गुणांत काय अधिक उणें होणार?”

आणि ज्यांस कोंबड्या पाळावयाच्या आहेत, त्यांनीं येत्या हिवाळ्यांत तीन घरें मिळून एक वही घालावी, आणि तीन घरांचे कोंबडे वर सांगितल्याप्रमाणें फिरवावे. तीं तीन घरें पूर्वीच्या तीन निरनिराळ्या वस्त्यांतलीं असलीं, तर आम्हांस विशेष आनंद होईल.