एका तासाचं रेशनिंग

यंदा आमच्या शहरातल्या एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी भरल्या सभागृहाकडून प्रतिज्ञा वदवून घेतली. घरातल्या मुलांना संगणक, टॅब, मोबाइल, सगळं मिळून दिवसाला एक तास. वर एक मिनिट नाही. पालकांनी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या, की त्यासाठी बऱ्याच जणांना हातातला फोन क्षणभर मांडीवर ठेवावा लागला. नंतर चहाच्या वेळी मी वक्त्यांना गाठून विचारलं, ‘सगळं मिळून’ म्हणजे काय काय मिळून? ते म्हणाले, “स्क्रीन म्हणजे स्क्रीन. विष या पेल्यातून घ्या नाहीतर त्या पेल्यातून!” वाक्य टाळीचं होतं. त्याला उत्तर द्यायला चहाचा वेळ पुरला नाही, म्हणून हा लेख.

मुलांना मोकाट सोडा, असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण त्या ‘सगळं मिळून’शी आहे. सातवीतली एक मुलगी दोन तास खपून संगणकाकडून सहा पाकळ्यांचं फूल काढून घेते. पाचवी पाकळी भलतीकडेच का जाते, हे शोधण्यात तिचा पाऊण तास जातो. तिचा भाऊ पन्नास मिनिटं अंगठ्याने रील सरकवत पडलेला असतो. वक्त्यांच्या तक्त्यात बिघडलेली ठरते ती मुलगी.

डॉक्टरांचा हवाला द्याल, तर तो पूर्ण द्या. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दोन वर्षांखाली पडदा नको, पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, दहापर्यंत दोन तासांच्या आत, असे आकडे आहेत. दहाच्या पुढे भर आहे तो झोप, खेळ, अभ्यास यांच्याशी मेळ घालण्यावर. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांनी तर मोठ्या मुलांसाठीचा आपला जुना दोन तासांचा सरसकट दंडक २०१६ मध्येच सोडला. आमच्या सभागृहात मात्र आठवीतल्या मुलाला चार वर्षांच्या बाळाचा डोस मंजूर झाला.

आणि रेशनिंगने काय होतं, हे निदान संभाजीनगरकरांना तरी कुणी शिकवायला नको. पैठणला नाथसागर तुडुंब भरतो, दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावं लागतं, आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवर आमच्या नळाला पाणी येतं ते दिवसच्या दिवस वाट पाहून. आलं, की घरात एकच धावपळ. टाकी, पिंप, बादल्या, कळशा, शेवटी कुकरसुद्धा भरला जातो, आणि त्यासाठी मागच्या खेपेचं ‘शिळं’ पाणी मोरीत ओतलं जातं. टंचाईने आम्हाला काटकसर शिकवली, असं कुणी म्हणू नये. तिने आम्हाला साठेबाजी शिकवली. एक तास मिळालेलं मूल हेच करतं. तासाभरात जास्तीत जास्त मजा भरून घ्यायची, तर ज्याला वेळ लागतो ते बाजूला पडतं. प्रोग्रॅम लिहिणं, चित्र काढणं, मोठा लेख वाचणं, चुकणं आणि चूक शोधणं हे घड्याळाकडे डोळा ठेवून जमत नाही. अर्ध्या मिनिटाची रील मात्र कुठल्याही सापटीत बसते. म्हणजे तासाच्या चाळणीतून गाळून जे उरतं, ते नेमकं वक्त्यांना नको असलेलंच.

दुसऱ्या गोटाशी तरी माझं जमावं, तर तेही नाही. ‘आमच्या वेळी बाबुराव अर्नाळकर वाचले की मार बसायचा, झुंजार आणि काळा पहाड वाचून आम्ही बिघडलो का?’ असं ही मंडळी विचारतात. (काही जणांकडे पाहून उत्तर द्यायचा मोह होतो.) अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली, पण प्रत्येक पुस्तकाला शेवटचं पान होतं, आणि वाचक कुठल्या पानावर जांभई देतो हे पाहून पुढचं पान जागच्या जागी बदलायची सोय त्यांच्याकडे नव्हती. याच मंडळींच्या खिशात ऑक्सफर्डचा २०१९ चा अभ्यासही असतो: किशोरवयीनांच्या मनःस्वास्थ्यातला जेमतेम ०.४ टक्के फरक डिजिटल साधनांशी जोडता येतो, बटाटे खाण्याशी जोडता येईल जवळपास तितकाच. अभ्यास खोटा नाही. पण त्या सरासरीत फूल काढणारी आणि रील सरकवणारा, दोघं एकाच पोत्यात गेलेली असतात. एक गोट सगळं मिळून विष म्हणतो, दुसरा सगळं मिळून बटाटा.

आता माझ्या आवडत्या माणसाकडे येतो. सीमोर पॅपर्ट. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला गणिती. जिनिव्हात बालमानसशास्त्रज्ञ पियाजेबरोबर काही वर्षं काढली, मग एमआयटीत गेला आणि १९६७ च्या सुमारास सहकाऱ्यांबरोबर त्याने ‘लोगो’ ही मुलांसाठीची संगणकभाषा उभी केली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांच्या शाळेत संगणकाची खोली होती, आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, त्यांना पडद्यावरचं लोगोचं कासव आठवत असेल. ‘पुढे शंभर, उजवीकडे नव्वद’ असं चार वेळा सांगितलं की चौकोन. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात पॅपर्टचा मुद्दा साधा आहे: शाळेत संगणक मुलाला चालवतो, ते उलट व्हावं, मुलाने संगणकाला चालवावं. संगणकाला काही शिकवायचं तर आपण स्वतः विचार कसा करतो हे आधी तपासावं लागतं, आणि मोठी माणसंही सहसा ते टाळतात. चुकीकडे पाहण्याची त्याची नजर मला सगळ्यात मोलाची वाटते. आपल्या वहीत चूक म्हणजे लाल फुली. लोगोत चूक म्हणजे कासव भलतीकडे गेलं, आता ते का गेलं ते पाहू.

पुस्तकाच्या सुरुवातीला तो आपल्या बालपणाबद्दल लिहितो. दोन वर्षांचाही नसताना त्याला मोटारीच्या भागांची गोडी लागली, मग दातेरी चाकांचं वेड. एक चाक फिरलं की दुसरं किती फिरेल, हे मनात घोळवत तो मोठा झाला. पुढे गुणाकाराचे पाढे, दोन अज्ञातांची समीकरणं त्याला त्या चाकांतून दिसली. म्हणून तो बजावतो, की प्रत्येक मुलाला दातेरी चाकं नेऊन दिली तर काही होणार नाही. त्याचा त्यांच्यावर जीव जडला होता, ही त्यातली मुख्य गोष्ट. या पोराला ‘चाकांचा वेळ दिवसाला एक तास’ असा तक्ता कुणी लावला असता तर?

पॅपर्टच्या स्वप्नाची फांदी महाराष्ट्रापर्यंतही पोचली. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याच्या, त्याच्या एमआयटीतल्या सहकाऱ्याच्या, नेग्रोपॉन्टेच्या, मोहिमेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात झाला, खैराटच्या एकशिक्षकी शाळेत. वीसेक मुलं, हिरवे-पांढरे लॅपटॉप, घरी न्यायला मोकळीक. शहरातले पाहुणे भारावून परतले. मोहीम पुढे विरली. पेरूतल्या ग्रामीण शाळांत याच यंत्रांचा कडक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले: गणितात आणि भाषेत फरक नाही. पॅपर्टचे विरोधक हे खूप चवीने सांगतात. मला त्याचा धक्का बसत नाही. यंत्र नुसतं वाटून काही होत नाही, हे तो स्वतःच सांगत होता, जरी आपल्याच मोहिमेला ते पुरेसं ऐकवलं नाही.

त्याच्यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो त्याच्या विरोधकांनी घेतलेला नाही. दातेरी चाक रात्री अकरा वाजता हाक मारत नाही. चाक सोडून पोरगं जेवायला गेलं, तर चाकाचं काही नुकसान होत नाही. पॅपर्टच्या कल्पनेत यंत्राशी मूल एकटं होतं. पलीकडच्या बाजूला, या मुलाने आणखी दहा मिनिटं थांबावं म्हणून पगार घेणारी माणसं बसलेली असतील, हे त्याच्या चित्रात नव्हतं. म्हणून पॅपर्टचा हात धरून मला ‘मुलांवर विश्वास ठेवा’ इथवरच जाता येतं. त्यापुढे मी वक्त्यांच्या बाजूला झुकतो: काही दारं बंदच ठेवावी लागतील, आणि तासभरसुद्धा उघडायची नाहीत.

२०२० साल आठवा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर आला. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या घरानेसुद्धा कर्ज काढून फोन घेतला, कारण सरांचा गृहपाठ व्हॉट्सअॅपवर यायचा. २९ जूनला टिकटॉकवर बंदी आली. आठवडा-दीड आठवड्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या, आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी जगात सगळ्यात आधी भारतात घेतली. पोरांच्या हातात फोन आपण दिला, अभ्यासासाठी. त्याच पावसाळ्यात त्या फोनमध्ये हे येऊन बसलं. मुलांना दोष देणाऱ्यांनी हे महिने जरा शेजारी शेजारी मांडून पाहावेत.

सरकारांनी काय केलं? दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीनंतर ऑनलाइन खेळ बंद केले, दहा वर्षांनी कायदाच मागे घेतला. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीला रात्री आठ ते नऊ एवढीच खेळायची परवानगी ठेवली. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळाखालच्यांना समाजमाध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये अठरा वर्षांखाली मोबाइल नको असा ठराव केला. या सगळ्यांत एक साम्य आहे: नियम करणारा स्वतः नियमाच्या बाहेर.

सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव मला म्हणूनच वेगळं वाटतं. कडेगाव तालुक्यातलं तीनेक हजार वस्तीचं गाव. ऑगस्ट २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो, साडेआठपर्यंत घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. आधी पुरुषांनी थट्टा केली. मग सरपंचांनी बायकांना गोळा केलं, आणि मालिका आपण जास्त पाहतो हे त्यांनी मान्य केलं. आशा, अंगणवाडीताई, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले. भोंगा थोरांनाही लागू आहे, आणि सगळ्या गल्लीला एकाच वेळी लागू आहे. ‘बाकीच्यांना देतात, मलाच का नाही’ हा पोरांचा बिनतोड युक्तिवाद तिथे चालत नाही. वक्त्यांच्या तासात हे दोन्ही नाही. त्यांनीही वडगावचं नाव घेतलं होतं, पण घेतला फक्त भोंगा.

तो भोंगा इथे आणून बसवता येईल का? वाळूजच्या कामगाराची दुसरी पाळी रात्री अकराच्या आसपास सुटते. सात वाजता त्याच्या घरी असते ती आजी, आणि तिची मालिका. सिडकोच्या फ्लॅटमध्ये आई कामावरून येते आणि ओट्याशी उभी राहते. पडदा बंद केल्यावर मुलाने जायचं कुठे, याचं उत्तर हवं. जुन्या शहरात २०२१ पासून मुलांसाठी मोहल्ला वाचनालयं निघाली, तीही एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने. प्रतिज्ञा घेणाऱ्या सभागृहात त्यांचा उल्लेख झाला नाही. आणि ज्या घरांत संगणकाला तासाचं कुलूप आहे, त्यांतली कित्येक नीटच्या रेकॉर्डेड लेक्चरचे हप्ते भरतात. ते चार-पाच तास कुठल्याच तक्त्यात मोजत नाहीत.

तक्ता कुणाला आधी लागतो, हेही पाहिलं पाहिजे. ‘असर’च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत, चौदा ते अठरा वयोगटात, स्वतःचा स्मार्टफोन असलेल्या मुलांचं प्रमाण मुलींच्या दुपटीहून जास्त निघालं, संगणक किंवा लॅपटॉप तर दहातल्या जेमतेम एका घरात. जिथे यंत्र एक आणि पोरं दोन, तिथे ‘दिवसाला एक तास’ म्हणजे तास भावाचा, आणि उरलं तर बहिणीचं. मुलीच्या तासातून कपडे आत घेणं, कुकर लावणं, पाहुण्यांना पाणी देणं वजा होतं. हात वर करणाऱ्या पालकांनी हा हिशेब मागितला नाही.

माझ्या घरापुरता ठरवलेला नियम सांगतो, पटला तर घ्या. रील आणि शॉर्ट्स कुणाच्याच फोनवर नाहीत, बापाच्याही. संगणक बैठकीच्या खोलीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि हाती घेतलेलं काम तडीला जाईपर्यंत त्याला घड्याळ नाही. पहिला नंबर मुलीचा. मध्येच नळाला पाणी आलं, तर बादल्या भावाने भरायच्या.