शेवळं आणि इंग्रजी कागद

पहिला पाऊस पडला की आरे कॉलनीतल्या आमच्या पाड्याभोवती शेवळं उगवतात. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, बाकीचं चिरून काकडं घालून शिजवायचं. काकडं विसरलात तर घसा असा खवखवतो की पाणी गिळवत नाही. हे मला आयनं शिकवलं, कुठल्या गुरुजींनी नाही.

परवा नात म्हणाली, "आजा, त्यात कॅल्शियम ऑक्झलेट असतं, म्हणून खाजतं." नववीत आहे, इंग्रजी शाळेत. मला बरं वाटलं. मग विचारलं, काकडाचं झाड कुठंय? तिला माहीत नव्हतं. घराच्या मागंच आहे.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय, या शाळेनं आमच्या पोरांना दिलं किती आणि नेलं किती?

आमच्याकडं मोटारीतून पाहुणे येतात. वारली चित्रांचे फोटो काढतात आणि म्हणतात, तुमची पोरं रानातच शिकू द्या, शाळा त्यांना बिघडवते. त्यांची पोरं मात्र कॉन्व्हेंटात. मला राग येतो. सरकारनं 1949 साली इथं दूध वसाहत काढली, त्याच्या आधीपासून आम्ही इथं भात लावतो. पण हातात कागद नाही. मी लहान असताना एका कचेरीतून इंग्रजी कागद आला. बाला वाचता येत नव्हतं, त्यानं तो जपून छपरात खोचला. दहावीला गेल्यावर मी तो काढून वाचला. हरकत घ्यायची मुदत सरून कैक वर्षं झाली होती.

त्यामुळं शाळा नको, असं मी म्हणणार नाही. पण त्याच शाळेत मी वारली बोललो की वर्ग हसायचा. मी घरीही बोलायचं सोडलं. आता नातीला ती बोली कळते थोडी, बोलता येत नाही. ही चूक शाळेची का माझी, ते अजून ठरत नाही.

दोष परदेशी पद्धतीचा म्हणावा, तर ताराबाई मोडकांचं उदाहरण आडवं येतं. माँटेसोरीबाई इटलीच्या. त्यांची पद्धत ताराबाईंनी आपलीशी केली आणि 1945 साली बोर्डीला काम मांडलं. सोबत अनुताई वाघ. पुढं त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. वारल्यांची पोरं शाळेत येईनात, कारण त्यांना गुरं राखायची असत. तर बायांनी शाळाच कुरणात नेली. पानं, बिया, शिंपले हेच शिकायचं सामान. गुरं चरतायत, पोरं शिकतायत. पद्धत बाहेरची होती, पण पोराला त्याच्या घरातून उपटून नेत नव्हती. आमच्या शाळेत मात्र पोराला गेटाबाहेर आय, बा, बोली, सगळं ठेवून आत जावं लागतं.

या रविवारी नातीला काकडाखाली न्यायचं ठरलं होतं. तिची जादा ट्यूशन निघाली. फळं गळायच्या आत पुढचा रविवार मोकळा मिळतो का, बघतो.