छायाचित्र कोणाचे?

मे महिना लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आमच्याकडे लग्नांची एकच घाई उडते. शाळांना सुट्टी असते, गावाकडचे नातेवाईक मोकळे असतात आणि पावसाच्या आत कार्य उरकायचे असते. निकाह स्वतः पाऊण तासाच्या आत होतो. त्याची छायाचित्रे मात्र दोन दिवस चालतात. घामाने निथळणारी दुल्हन दिव्यांच्या झोतात पुन्हापुन्हा बसवली जाते. काझीसाहेबांपेक्षा छायाचित्रकाराचा शब्द अधिक चालतो.

तसबीर जायज की नाजायज, हा वाद आपल्याला नवा नाही. 2013 साली देवबंदहून छायाचित्रणाच्या विरोधात फतवा आला, ओळखपत्राची गरज तेवढी वगळून. हजला जायचे तर पासपोर्टवर चेहरा लागतोच. हा वाद उलेमांनी चालवावा. आम्हाला अडचण वेगळीच वाटते. या साऱ्या वादात तसबिरीविषयी खूप बोलले जाते, तसबिरीतल्या माणसाविषयी फारसे कोणी बोलत नाही.

अंबरनाथचे शिवमंदिर घ्या. शके 982, म्हणजे इ. स. 1060 चा शिलालेख असलेली ही शिलाहारकालीन वास्तू. अशा जुन्या दगडी कोरीव कामाची पार्श्वभूमी आज कोणत्याही समाजातल्या वधूवरांना हवीशी वाटते. (तिथे रोज पूजा होते, याचे भान जाणाऱ्याने ठेवावे, हे सांगायला नको.) पण संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरण करायचे तर पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी लागते. दगडाला विचारावे लागते! आणि लग्नाच्या मांडवात, जनान्यात, पदर सावरत बिर्याणी खाणाऱ्या बाईला कोण विचारतो?

पूर्वी रोलमध्ये 36 छायाचित्रे मावत. अल्बम कपाटात राही, पाहुणे आले तरच बाहेर निघे. आता मांडवातले छायाचित्र बिदाईच्या आधी शंभर मोबाइलवर पोहोचलेले असते. 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. आमच्या मांडवापर्यंत तो अजून चालत आलेला नाही.

मग छायाचित्रेच नकोत का? तसे म्हणणे सोपे आहे, पण त्याची किंमतही बाईच मोजते. आपल्यातल्या कित्येकांना आपली पणजी कशी दिसत होती हे ठाऊक नाही. मर्दान्यातली छायाचित्रे सापडतात, तिचे एकही नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांची वस्ती 1949 साली उल्हासनगर झाली. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाला सोबत आणलेले एखादे छायाचित्र म्हणजे काय असते, हे या गावाला शिकवावे लागत नाही. चेहरा पुसला जाणे हाही अन्यायच आहे.

आम्हाला खटकते ते असे की बंदी आणि मोकळीक दोन्ही पुरुषच ठरवतात. एका घरात दूल्ह्याचा भाऊ जनान्यात कॅमेरा येऊ देत नाही, दुसऱ्या घरात तोच सगळ्यांना ओळीने उभे करतो. दोन्हीकडे तिला विचारलेले नसते. वास्तविक निकाहची सुरुवातच विचारण्याने होते. वकील आणि गवाह मुलीकडे जातात, मेहरची रक्कम सांगतात, तिची इजाजत घेतात. तिच्या होकाराशिवाय खुत्बा पढला जात नाही. आयुष्याचा करार जिला विचारून होतो, तिच्या चेहऱ्याचा व्यवहार तिला न विचारता कसा होतो?

जनान्यासाठी महिला छायाचित्रकार बोलावण्याची पद्धत आता काही घरांत दिसते. चांगलेच आहे. तिने छायाचित्र घेण्याआधी नजरेने विचारावे, नको म्हणणारीला सोडून द्यावे आणि ही छायाचित्रे कोणाच्या हाती द्यायची ते दुल्हनकडूनच ठरवून घ्यावे. याला फार तर चार वाक्ये लागतात. राहता राहिल्या मांडवामागे भांडी घासणाऱ्या बाया. त्याही चौकटीत येतात, कधी ‘वातावरण’ म्हणून मुद्दाम टिपल्या जातात. त्यांना विचारायला अजून कोणीच गेलेले नाही.