काढून टाकू का?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी हर्नडनच्या घरी जुन्या लॅपटॉपवरचे उबुंटू अपडेट करायला बसलो. नव्या प्रोग्रॅमला एका लायब्ररीची नवी आवृत्ती हवी. बाबांनी इथल्या मुक्कामात ज्यावर आपल्या आठवणी टाइप केल्या, त्या प्रोग्रॅमला तीच लायब्ररी जुनी हवी. दोघे एकत्र नांदेनात. शेवटी संगणकानेच विचारले, जुना काढून टाकू का?

बोट 'हो'वर गेलेच होते. घाई, दुसरे काय! मग मार्च २०१६ आठवला. नावाच्या वादातून एका प्रोग्रॅमरने आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात अवघ्या ११ ओळींचे 'लेफ्ट-पॅड' होते, आणि जगभरातले हजारो प्रकल्प अडले. हक्क त्याचाच होता, हे मी मानतो. पण आपल्यावर कोण विसंबले आहे हे माहीत नसताना तो बजावावा का? आणि विसंबणाऱ्यांनी तरी त्याची कधी विचारपूस केली होती?

मी 'नाही' म्हटले. जुन्या प्रोग्रॅमला व्हर्च्युअल मशीनमध्ये वेगळी खोली काढून दिली. बायकोने सहज विचारले, "शेवटचा कधी उघडला होतास रे तो?"

बाबा गेल्यापासून एकदाही नाही.